बालकादंबरीची पटकथा होताना: हक्कांपासून शेवटच्या मसुद्यापर्यंत

मे २०२३ मध्ये मी एका जुन्या मराठी बालकादंबरीच्या चित्रपट-हक्कांची चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची पक्की पटकथा निर्मात्यांच्या हाती दिली. सुरुवात करताना याबद्दल मराठीत वाचायला फारसं काही मिळालं नाही. पटकथा कशी लिहावी यावर पुस्तकं आहेत. पण लेखिका हयात नसेल तर परवानगी कोणाकडे मागायची, एक वारस परदेशात असेल तर सही कशी घ्यायची, जादूची गोष्ट कागदावरून पडद्यावर आणताना काय हातचं सोडावं लागतं, हे सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. कादंबरीचं, कुटुंबाचं आणि निर्मितीसंस्थेचं नाव देत नाही, करारात तशी अट आहे.

गोष्ट अशी. धरणात एक गाव बुडालेलं आहे. दहा वर्षांची एक मुलगी सुट्टीत पुनर्वसन झालेल्या नव्या गावात आजोबांकडे येते. तिला कळतं की अमावस्येच्या रात्री पाण्याखालचं जुनं गाव जागं होतं आणि ज्याचं काही तिथे राहून गेलंय त्याला ते आणता येतं. मात्र तिथून काही आणायचं तर आपलं काहीतरी तिथे ठेवून यावं लागतं. आजोबांच्या बैलाची घुंगुरमाळ तिकडे राहिलेली आहे. ती आणायला मुलगी पाण्यात उतरते. मी ही कादंबरी लहानपणी वाचली होती आणि तिच्यावर चित्रपट व्हावा असं मला मनापासून वाटत होतं.

पहिलं पत्र प्रकाशकांना लिहिलं. उत्तर महिन्याभराने आलं, पण नेमकं आलं: १९८१ च्या करारानुसार त्यांच्याकडे फक्त मराठी पुस्तकरूपाने छापण्याचे हक्क होते, चित्रपटाचे नव्हते. त्या कराराची प्रत मागून घेतली आणि ती पुढे प्रत्येक टप्प्यावर लागली. पुस्तकाच्या आतल्या पानावर हक्क कोणाच्या नावावर आहेत ते छापलेलं असतं, पण तेवढ्यावर थांबू नका. मूळ करार बघितल्याशिवाय कोणाकडे काय आहे ते कळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार छापणं, भाषांतर, रूपांतर, चित्रपट करणं हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात.

आणखी एक गोष्ट वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितली. पुस्तकातली चित्रं लेखिकेची नव्हेत, चित्रकाराची. त्यातली मुलगी दोन वेण्या आणि ढगळ सदऱ्यात दिसते, आणि आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर तीच आहे. पण तो पेहराव, ती चेहरेपट्टी चित्रपटात जशीच्या तशी घ्यायची तर चित्रकाराची वेगळी परवानगी हवी. चित्रकारांच्या घरच्यांचा पत्ता मिळाला नाही. म्हणून पटकथेत मी पात्रांची वर्णनं केवळ कादंबरीच्या मजकुरावरून लिहिली आणि तसं एक टिपणच फाइलला लावलं.

लेखिका १९९८ साली गेल्या. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणजे या कादंबरीवरचा हक्क २०५८ च्या अखेरीपर्यंत आहे. मृत्युपत्र नव्हतं. यजमानही हयात नव्हते. दोन मुली आणि एक मुलगा असे तीन वारस, आणि तिघांचीही सही हवी. थोरल्या मुलीशी, ज्यांना मी ताई म्हणते, जुलै २०२३ मध्ये पहिल्यांदा बोलणं झालं. त्या निवृत्त शिक्षिका. फोनवर त्यांनी पैशांचं काहीच विचारलं नाही. "तुम्ही शेवट बदलणार का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, शेवट तोच राहील, तिथे पोचायची वाट बदलेल. त्यावर त्या म्हणाल्या, "मग या घरी, आईची वही दाखवते." त्या वहीत कादंबरीचा कच्चा आराखडा होता. तो नसता तर पटकथेतला एक मोठा पेच मला सुटला नसता. त्याबद्दल पुढे येतंच.

धाकटे भाऊ अमेरिकेत. त्यांनी ताईंच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं ठरलं. परदेशात केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घ्यावी लागते. तिथली वेळ मिळण्यात काही आठवडे गेले. मूळ कागद कुरिअरने भारतात आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुदत कागदावरच्या तारखेपासून नाही, कागद भारतात पोचल्यापासून मोजतात. त्यामुळे कुरिअरचं पाकीट आणि पावती जपून ठेवा. मुद्रांक कार्यालयात ती मागितली गेली.

वारस कोण, हे सिद्ध करण्याचा प्रश्न वेगळाच. आमच्या वकिलांनी दोन गोष्टी समांतर सुरू केल्या. ऑप्शन करारापुरतं (म्हणजे हक्क काही मुदतीसाठी राखून ठेवण्याच्या करारापुरतं) तिघांचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले आणि 'आमच्याशिवाय दुसरा वारस निघाला तर जबाबदारी आमची' असं हमीचं कलम. आणि त्याच वेळी दिवाणी न्यायालयात वारस दाखल्यासाठी अर्ज. महाराष्ट्रात हा दाखला अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतो. न्यायालय जाहीर नोटीस काढतं, कोणी हरकत घेतं का ते पाहतं, मग तारखा. आमचा दाखला २०२४ च्या दिवाळीनंतर हातात आला. निर्मात्यांच्या वकिलांनी पुढे सर्वांत आधी तोच मागितला. तुमच्या बाबतीत लेखक हयात नसेल तर हा अर्ज पहिल्या महिन्यातच करून टाका, घाई करून तो लवकर मिळत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: अमुक कादंबरीचे चित्रपट-हक्क घेत आहोत, कोणाचा दावा असल्यास १५ दिवसांत कळवावे. मला ती निव्वळ औपचारिकता वाटत होती. पण बाराव्या दिवशी एक पत्र आलं. एका नाट्यसंस्थेकडे लेखिकेने स्वतः लिहून दिलेली परवानगी होती. पोटात गोळाच आला. ते पत्र वाचल्यावर जीव भांड्यात पडला, कारण परवानगी फक्त रंगमंचावरच्या प्रयोगांपुरती होती. तरीही वकिलांनी त्या संस्थेकडून 'चित्रपटाला हरकत नाही' असं लिहून घेतलं. त्यांनी कसलीही रक्कम न मागता ते दिलं आणि सोबत जुन्या प्रयोगाचे फोटोही पाठवले.

जानेवारी २०२४ मध्ये ऑप्शन करार झाला. ऑप्शन म्हणजे हक्क लगेच विकत न घेता ठरावीक मुदतीपुरते राखून ठेवणं. त्या मुदतीत पटकथा लिहायची, निर्माता शोधायचा आणि मग पूर्ण रक्कम देऊन हक्क घ्यायचे. आम्ही १८ महिन्यांची मुदत ठरवली, ४० हजार रुपयांत, आणि ठरलेली वाढीव रक्कम देऊन आणखी १२ महिने वाढवण्याची सोय ठेवली. वकिलांची फी, नोटिसा, मुद्रांक, नोटरी हे सगळं मिळून ७० हजारांच्या आसपास गेलं. वारस दाखल्याचा खर्च कुटुंबाने उचलला.

इथे जरा थांबून कराराबद्दल लिहिते, कारण मला सर्वांत जास्त विचारलं जातं ते याचबद्दल. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये काही गोष्टी अशा आहेत की करारात लिहिल्या नाहीत तर कायदा स्वतःच त्यांची उत्तरं भरतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर हक्क फक्त भारतापुरते. आणि हक्क मिळाल्यापासून एक वर्षात वापरले नाहीत तर ते संपले असं मानलं जातं, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. चित्रपटाच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे काहीच नाही. म्हणून 'कलम १९(४) ची एक वर्षाची मुदत या कराराला लागू नाही' असं स्पष्ट वाक्य घालून घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हतं, वकिलांनी नंतर घातलं.

दुसरी गोष्ट कलम ५७ ची. हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड होऊन आपल्या नावलौकिकाला बाधा येत असेल तर लेखकाला त्याविरुद्ध दाद मागता येते, आणि लेखकानंतर त्याच्या वारसांनाही. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाबद्दल हाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता, १९८६ साली. माध्यम बदलताना आवश्यक ते बदल करता येतात, पण मूळ कृतीचा विपर्यास करता येत नाही, असं न्यायालयाने तिथे म्हटलं. मी तो निकाल वाचला आणि त्यातून एक ठरवलं: कुटुंबाला पटकथा दाखवायची, आणि कधी, किती वेळा दाखवायची तेही करारात लिहायचं. आमच्या करारात दोन वाचनं आहेत, वनलाइन (दृश्यांचा थोडक्यात लिहिलेला क्रम) झाल्यावर एक आणि दुसऱ्या मसुद्यानंतर एक. प्रत्येक वाचनानंतर २१ दिवसांत लेखी सूचना द्यायच्या. सूचना ऐकणं माझ्यावर बंधनकारक, मानणं नाही. मात्र शेवट आणि मुलीचं वय बदलायचं तर कुटुंबाची लेखी संमती हवी. ताईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे बरं झालं. मला भांडायचं नाहीये, पण विचारलं जावं एवढं वाटतं."

फेब्रुवारी २०२४ मध्ये लिहायला बसले. कादंबरी आधी एका मुलांच्या मासिकात क्रमशः आली होती, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक धक्का आहे आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो निवळतो. महिनाभर थांबणाऱ्या वाचकाला ते हवंच होतं. सलग दोन तास बघणाऱ्या मुलाला त्याच जागा खटकतात. मी प्रत्येक प्रकरणाचं एक कार्ड केलं आणि प्रत्येकावर एकच गोष्ट लिहिली: या प्रकरणानंतर मुलीला काय कळतं जे आधी माहीत नव्हतं? ज्या कार्डांवर काही लिहिता आलं नाही ती बाजूला ठेवली. त्यात माझं आवडतं, पाण्याखालच्या बाजाराचं प्रकरणही गेलं. ते काढताना वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

खरी अडचण जादूच्या नियमांची होती. कादंबरीत पाण्यात उतरायला अमावस्या हवी, कमळाचं पान हवं, तीन श्वास रोखायचे, राखणदार पाणमांजराचं कोडं सोडवायचं, मागे वळून बघायचं नाही आणि काहीतरी ठेवून यायचं. वाचताना हे सगळं छान वाटतं, कारण निवेदक लाडाने समजावत असतो. पडद्यावर निवेदक नाही, प्रत्येक नियम कोणीतरी बोलून दाखवावा लागतो आणि पटकथेची पहिली तीस पानं सूचनांतच जातात. निवेदन पार्श्वभूमीवर ठेवून पाहिलं, पण मग मुलगी काही करण्याआधीच आपल्याला सगळं माहीत होतं.

तेव्हा ताईंनी दाखवलेली वही पुन्हा उघडली. त्यांच्या आईंनी पहिल्याच पानावर एका ओळीत लिहिलं होतं: आणायचं तर ठेवायचं. खाली कमळ, श्वास, कोडं हे सगळं वेगळ्या शाईत, नंतर भर घातल्यासारखं. मला वाट सापडली. पटकथेत तेवढा एकच नियम ठेवला आणि तो कोणीही बोलून दाखवत नाही. पहिल्या वेळी मुलगी पाण्याखालून एक साधी पाटी उचलते आणि वर येते तेव्हा तिच्या एका पायातली चप्पल गेलेली असते. दुसऱ्या वेळी ती मुद्दाम दुसरी चप्पल ठेवते. तिथे प्रेक्षकाला नियम कळतो, तिलाही कळतो आणि पुढची भीती आपोआप तयार होते: घुंगुरमाळ आणायला ती काय ठेवणार?

कादंबरीत ती गेलेल्या वडिलांच्या आवाजाची आठवण ठेवून येते. तिथलं वाक्य असं आहे की वर आल्यावर तिला काय ठेवलं तेच आठवत नाही. कागदावर हे वाचताना अंगावर काटा येतो. पडद्यावर न आठवणं कसं दाखवणार? मुलगी नुसती उभी राहील. यावर मी बरेच आठवडे अडकले होते. शेवटी असं केलं की वडिलांनी तिला एक शीळ शिकवलेली आहे. पहिल्या दृश्यापासून ती ती शीळ घालते, एसटीत, अंगणात, आजोबांशी रुसल्यावर. माळ घेऊन वर आल्यावर ती ओठ मुडपते आणि नुसती हवा येते.

वनलाइन कुटुंबाकडे जून २०२४ मध्ये गेली. धाकट्या बहिणीला आणि भावाला आवडली. ताईंचं पत्र सतराव्या दिवशी आलं, त्यात एकच मुद्दा: आईने शीळ लिहिली नव्हती. मी भेटायला गेले. कराराच्या कलमांवर बोट न ठेवता दोघींनी मूळ प्रकरण मोठ्याने वाचलं, मग माझं दृश्य. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शीळ चालेल. पण पुस्तकात तिला कळत नाही की काय गेलं, आणि आपल्याला कळतं. तुझ्यात तिला लगेच कळतंय. ते नको." त्यांचं अगदी बरोबर होतं. आता पटकथेत ती हवा फुंकते, क्षणभर थांबते आणि आजोबांना माळ द्यायला धावत सुटते. शीळ गेल्याचं तिला जाणवतच नाही. आजोबांना जाणवतं. त्या एका सूचनेने शेवटची दहा पानं नव्याने लिहिली गेली आणि ती सबंध पटकथेतली सर्वांत चांगली पानं आहेत असं मला वाटतं.

पहिला मसुदा ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. एका पानाला एक मिनिट हा ठोकताळा देवनागरीत लिहिलेल्या पटकथेला नीट लागू पडत नाही, अक्षराच्या आकारावर आणि ओळींतल्या अंतरावर बरंच अवलंबून असतं. मी दृश्यं मोठ्याने वाचून, घड्याळ लावून वेळ मोजली. मसुदा तयार होताच स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवला. त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं आणि नोंदणीचं शुल्क पानांवर ठरतं. ही नोंद म्हणजे अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा. दुसऱ्या कोणालाही ईमेलने मसुदा पाठवण्याआधी हे करा.

डिसेंबर २०२४ मध्ये एका वाचनालयात आठ ते बारा वयाच्या मुलांसमोर पटकथा वाचून दाखवली. मोठ्यांनी दिलेल्या सगळ्या प्रतिक्रियांपेक्षा ती दुपार जास्त उपयोगी पडली. मुलं जिथे चुळबुळ करू लागली तिथे मी पेन्सिलने रेघ मारत गेले आणि जवळजवळ सगळ्या रेघा मोठी माणसं आपापसांत बोलतात त्या दृश्यांवर होत्या. एका मुलाने विचारलं, "ती पाण्यात बोलते तर तोंडात पाणी जात नाही?" कादंबरीत याचं उत्तर आहे, तिथे पाणी वाऱ्यासारखं असतं. पटकथेत मी ते गृहीत धरलं होतं. मग खाली पोचल्यावरचं पहिलं दृश्य बदललं: ती श्वास कोंडून, गाल फुगवून उभी आहे आणि समोरून एक म्हातारी तिच्याकडे बघत बघत निवांत बोलत जाते.

एप्रिल २०२५ मध्ये एका निर्मितीसंस्थेने रस दाखवला. त्याआधीच्या महिन्यांत अनेकांनी वाचून नकार दिला होता, बहुतेकांचं कारण एकच, मुलांचा चित्रपट आणि वर व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर केलेली दृश्यं. पूर्वी असा विषय घेऊन चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीकडे, मुलांचे चित्रपट करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जाता यायचं. १९५५ साली स्थापन झालेली ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. नकारांच्या त्या दिवसांत मन खूप खचायचं. तेव्हा करारातली वाढीव मुदत हाच मोठा आधार होता. जुलै २०२५ मध्ये २० हजार रुपये देऊन ती घेतली. पत्र मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी पोचायला हवं अशी अट होती, म्हणून ते रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून आधीच पाठवलं होतं.

निर्माते आल्यावर पटकथा वेगळ्या नजरेने वाचली गेली. त्यांच्या कार्यकारी निर्मात्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, मुलगी किती दृश्यांत आहे? जवळपास सगळ्याच. मग त्याने नियम सांगितले. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, शिक्षणाची सोय, आणि मुलाच्या मोबदल्यातले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे नियम योग्यच आहेत, आणि पटकथाकाराने ते लिहिण्याआधी वाचावेत असं मी आग्रहाने सांगेन. नायिका प्रत्येक दृश्यात असेल आणि ती दिवसाला पाचच तास काम करू शकत असेल तर चित्रीकरणाचे दिवस वाढतात, आणि त्यासोबत अंदाजपत्रकही.

त्यावर उपाय म्हणून आजोबांची स्वतंत्र दृश्यं वाढवली. कादंबरीत आजोबा बहुतेक वेळ खाटेवर आहेत. पटकथेत ते आता रोज धरणाच्या काठी जातात, पाण्याची पातळी बघून काठावरच्या दगडावर खडूने रेघ मारतात आणि घरी कोणाला काही सांगत नाहीत. मुलगी ती रेघ नंतर शोधून काढते. हा बदल नियमापोटी झाला, पण त्यामुळे शीळ गेल्याचं आजोबांनी ओळखण्याला वजन आलं. ताईंना दुसऱ्या वाचनात हेच सर्वांत जास्त आवडलं.

पाणमांजराचं मात्र कठीण होतं. पाणमांजर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे, खरं वापरण्याचा प्रश्नच नाही. पाळीव प्राणी वापरायचे तरी चित्रीकरणाआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि सेन्सॉरकडे जाताना त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्रही. बोलणारं पाणमांजर संगणकावर करायचं तर ते जितकं जास्त दिसेल तितका खर्च. मी त्याची दृश्यं कमी केली आणि उरलेल्यांत ते बहुतेक पाण्यावरच्या तरंगातून आणि आवाजातून येतं. पूर्ण दिसतं ते फक्त निरोपाच्या वेळी. बैल तर कादंबरीतही दिसत नाही, त्याची माळच पुरते.

पाण्याखालच्या गावासाठी ड्राय-फॉर-वेट पद्धत ठरली: खऱ्या पाण्यात न उतरता धूर, पंखे, वेगळा प्रकाश आणि मंद गती वापरून पाण्याचा भास. मुलांसाठी हे सुरक्षित. पटकथेत याचा परिणाम असा की धावण्याची, झटापटीची दृश्यं खाली ठेवली नाहीत, ती सगळी काठावर आणली. कादंबरीत एक मुलगा बुडतो ते प्रकरण आहे, ते दृश्य न दाखवता काठावरच्या माणसांवर ठेवलं. सेन्सॉरच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन प्रकार झाले आहेत. आम्हाला यू (सर्वांसाठी खुला) किंवा फार तर यूए ७+ हवं आहे, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन कोणीही निर्धास्त यावं म्हणून.

सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी ऑप्शन वापरून हक्क घेतले. त्यांच्या वकिलांनी मागितलेली फाइल अशी होती: १९८१ चा प्रकाशन करार, मृत्यूचे दाखले, वारस दाखला, कुलमुखत्यारपत्र, जाहीर नोटिशीची कात्रणं, नाट्यसंस्थेचं पत्र, ऑप्शन करार आणि मुदतवाढीची पोचपावती. एकही कागद नव्याने शोधावा लागला नाही. हक्कांच्या रकमेवर रॉयल्टी म्हणून दहा टक्के टीडीएस कापला गेला. अमेरिकेतल्या भावांच्या वाट्याला आयकर कायद्याचं कलम १९५ (परदेशी राहणाऱ्यांना द्यायच्या रकमेवरची करकपात) लागलं आणि पैसे बाहेर पाठवण्यासाठीच्या फॉर्म १५सीएची वेगळी पूर्तता करावी लागली, त्यात त्यांचे पैसे बहिणींपेक्षा बरेच उशिरा पोचले. हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे गैरसमज होत नाहीत.

शेवटचा मसुदा नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच आठवड्यात कॉपीराइट कार्यालयाकडे पटकथेची साहित्यकृती म्हणून ऑनलाइन नोंदणी केली, फॉर्म १४, शुल्क ५०० रुपये, सोबत वारसांचं ना-हरकत पत्र, कारण पटकथा दुसऱ्या कृतीवर आधारित आहे. अर्ज केल्यावर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण उद्या वाद झालाच तर ती हाताशी असलेली बरी.

आता मुलांची निवड सुरू आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज, प्राणी कल्याण मंडळ, मराठी चित्रपट महामंडळाकडे नावाची नोंद ही कामं निर्मितीची. माझ्याकडे एकच काम उरलं आहे. मुलं ठरली की त्यांच्यासोबत बसून संवाद त्यांच्या तोंडी बसवायचे. त्यासाठी दोन आठवडे आणि वेगळं मानधन मी लेखन-करारात लिहून घेतलं आहे. तुम्ही मुलांसाठी लिहीत असाल तर हे कलम नक्की मागा, निर्माते सहसा नाही म्हणत नाहीत. आणि ज्या मुलीची निवड होईल तिला शीळ घालता येते का, हे निवड करणाऱ्यांच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहून दिलं आहे.